कापलेलं कडवं

दिग्रसची ती फिर्याद अजून माझ्या डोक्यातून जात नाही. कापसाचे भाव पडले होते, रोज कुठे ना कुठे रास्ता रोको, निम्मं ठाणं बंदोबस्तावर. अशात चाळिशीच्या एक बाई आल्या. त्या जयंतीच्या कार्यक्रमांत भीमगीतं गात. वडिलांनी रचलेली गाणी त्यांनी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून घेतली होती, आणि त्यातलं एक आता मोबाईलमधून फुकट फिरत होतं.

"लोक ऐकताहेत, त्यात वाईट काय?" मी जरा त्रासूनच विचारलं.

"आयकू द्या ना साहेब. पण उमरखेडले एकानं माह्यासमोर सांगतलं, हे गाणं कोणाचं हाय ते मालूम नाही. माह्या बानं घर नाही बांधलं, वावर नाही घेतलं. नाव तेवढं गाण्यात ठेवलं, अन् तेच गेलं."

या गाण्यांत कवी आपलं नाव शेवटच्या कडव्यात गुंफतो. बाजारात फिरणाऱ्या गाण्यात ते कडवंच नव्हतं.

खबऱ्याने बसस्थानकाजवळचं मोबाईलचं दुकान सांगितलं. दोन पंच घेऊन छापा घातला, कॉम्प्युटर आणि मेमरी कार्डं जप्त केली. ठाण्यात आणल्यावर दुकानदाराचं एकच पालुपद, "कार्डात गाणे सारेच भरून देतात जी, मलेच काहून धरता?" खोटं बोलणारा माणूस तपशील फार देतो, असा माझा अनुभव. हा काहीच देत नव्हता. शेवटी मी विचारलं, "शेवटचं कडवं का कापलंस?"

तो गोंधळला. "म्या नाही कापलं. आलं तसंच भरलं."

"आलं कुठून?"

त्याने बाहेर बाकावर बसलेल्या बाईंकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "त्यायच्या भावानंच देल्लं."

भाऊ डीजेचा धंदा करायचा. बोलावल्यावर लगेच आला, काही लपवलं नाही. "शेवटचं कडवं संथ हाय साहेब. मिरवणुकीत नाचणारे थांबतात, म्हून कापलं. बाचं गाणं घरोघरी पोचवलं म्या, चोरी कायची?"

बाई उठून आत आल्या. "पोचवलं, हाव. पण बाले घरीच ठेवलं तू."

एवढा दांडगा गडी, पण त्याची मान वर होईना. मला त्या दोघांकडे बघवेना.

दुकानदारावर कॉपीराइट कायद्याखाली दोषारोपपत्र गेलं. भाऊ बहिणीइतकाच वारस, त्याच्यासाठी मला फौजदारी कलम सापडेना. बाईंनीही त्याच्याविरुद्ध जबाब दिला नाही. पुढे तो पूर्ण गाणं घेऊन दुकानादुकानांत फिरला, पण ते कोणी घेईना. कापलेलं गाणं तोवर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, मुकुटबनपर्यंत गेलं होतं.

निवृत्तीनंतर एकदा पुसदच्या एसटीत शेजाऱ्याचा फोन वाजला. तेच गाणं. कोणाचं म्हणून विचारलं, तर म्हणाला, "कोणाचं म्हंजे? आपलंच हाय." इतक्या प्रेमाने म्हणाला, की मला रागावताही येईना. मी त्याला कवीचं नाव सांगितलं.

वस्तू चोरीला गेली तर पंचनामा करता येतो. नावाचा कसा करायचा, हे मला नोकरीत कोणी शिकवलं नाही. गाणं वाटणं गुन्हा की पुण्य, याचा निकाल मी आजही देऊ शकत नाही.

त्या कवीचं नाव इथे लिहावं असं फार वाटतं. पण बापाचं नाव छापलं, की मुलगा ओळखू येणार, आणि बहिणीने त्याला सांभाळून घेतलं होतं. म्हणून मीही नाव गाळलं आहे.