मोनिकाच्या डोक्यातला कोनाडा

“एकदा डोकं उघडलं की ते पुन्हा मिटत न्हाई, शालू. म्या डोळ्यांनी बघितलंय.”

“मेंढराचं बघितलंय तुमी, मामा. माणसाचं न्हाई.”

“पाणी ते पाणीच. मेंढराच्या डोक्यात काय अन् लेकराच्या डोक्यात काय!”

शालूच्या सासऱ्यांनी, धुळाजींनी, कप उंबऱ्यावर असा आपटला की उरलेला चहा पायरीवर ओघळला. सासूबाई बायनाबाईंनी सुनेकडं बघत फडकं फेकलं, पण पुसायला कुणीच हललं नाही.

“हळू बोला दोघंबी,” बायनाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. “शेजारी साळूबाई पापड लाटून राह्यलीय. लाटण्याचा आवाज कवाचा बंद झालाय.”

भांडण ज्यावरून चाललं होतं, तो मोठा पांढरा लिफाफा शालूच्या मांडीवर होता. शाळेच्या घसरगुंडीवरून पडून मोनिकाला उलट्या झाल्या होत्या. शालूची नऊ वर्षांची पोर. तिच्या बापानं, परमेश्वरनं, मोसंबीची खेप तशीच टाकून तिला टेम्पोतून जालन्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी डोक्याचा सीटी स्कॅन करायला सांगितला. उलट्या थांबल्या, पोर हसायला-खेळायला लागली, आणि शनिवारी परमेश्वर रिपोर्ट आणायला गेला तेव्हा खिडकीतला माणूस लिफाफा देता देता म्हणाला, “मार काही लागलेला नाही. पण आत पाण्याची पिशवी दिसतेय. सोमवारी डॉक्टरांना दाखवा.” आणि त्यानं पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.

घरी येऊन परमेश्वरनं ते जसंच्या तसं सांगितलं. धुळाजी तेव्हा मेंढरं वाड्यात घालत होते. हातातली काठी भिंतीला टेकवून त्यांनी एवढंच विचारलं, “कोणत्या अंगाला?”

“डाव्या.”

त्यानंतर ते जेवले नाहीत.

मेंढरांच्या डोक्यात पाणी होतं हे या घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. धुळाजींच्या बापाच्या वेळी कळप मोठा होता. आता आहेत ती मेंढरं वाड्याच्या एका कोपऱ्यात मावतात, पण आजार तोच. धडधाकट मेंढी एकाएकी कळपातून बाजूला पडते, मान वाकडी धरते आणि एकाच अंगाला गरगर फिरायला लागते. चारा समोर असला तरी तोंड लावत नाही. मेल्यावर कवटी फोडली की आत अंड्याएवढी पाण्याची पिशवी निघते. एकदा तालुक्याहून आलेल्या जनावरांच्या डॉक्टरनं जित्या मेंढ्याचं डोकं उघडून पाहिलं होतं. मेंढा उठून उभा राहिला, धुळाजींच्या हातून चार घास खाल्ले आणि दिवस बुडायच्या आत गेला. त्याच डॉक्टरनं जाताना सांगितलं होतं, ही पिशवी कुत्र्यामुळे होते.

म्हणून रविवारी सकाळी मोनिका उठली तेव्हा भुऱ्या कुत्रा दावणीला नव्हता. धुळाजी पहाटेच्या गाडीनं त्याला पोत्यावर बसवून, कंडक्टरच्या हातापाया पडून, आष्टीला बहिणीकडं सोडायला गेले होते. दुपारी ते परतले तशी ती त्यांना आडवी आली.

“भुऱ्या कुठंय, आज्या?”

“पाव्हण्याकडं गेलाय.”

“कुत्रं पाव्हण्याकडं जातंय का?” मोनिका म्हणाली. आज्यानं भुऱ्याचं दावं गुंडाळून खुंटीला अडकवलं.

शालू दहावी झालेली. रिपोर्टातली इंग्रजी अक्षरं तिला लागत होती, शब्द लागत नव्हते. तिनं फिल्म खिडकीच्या गजांना लावून उजेडात बघितली. ओळीनं मांडलेली लहान लहान डोकी, सगळी एकाच पोरीची. त्यातल्या काहींत कडेला काळा डाग, घेवड्याच्या दाण्यासारखा. बोटानं झाकला की डोकं चांगलं दिसायचं. बोट काढलं की डाग तिथंच. कागदावर ‘नॉर्मल’ हा एक शब्द तिला दोनदा सापडला. कालपासून ती त्याच शब्दाला धरून बसली होती.

“नॉर्मलबी लिहिलंय ह्याच्यात,” ती आता म्हणाली.

“कशाला नॉर्मल म्हणलंय, ते कळतंय का तुला?”

“न्हाई कळत. म्हणून तर डॉक्टरकडं जायचंय.”

“डॉक्टर कापा म्हणंल. आन् मंग तू हो म्हणशील, ह्यो परम्या सही करंल. माझी नात माझ्यासमोर...” धुळाजींचं वाक्य तिथंच तुटलं.

परमेश्वर भिंतीशी उभा राहून दोघांकडं आळीपाळीनं बघत होता. बापापुढं बोलायची त्याला सवय नव्हती आणि बायकोपुढं धीर नव्हता.

“तुमाला पोरीचा इलाजच नको असंल,” शालू म्हणाली. आवाज चढला होता. “पोरगा असता तर...”

बोलता बोलता ती थांबली. धुळाजी तिच्याकडं बघतच नव्हते. ते अंगणाकडं बघत होते.

मोनिका अंगणात फिरत होती. दोन्ही हात पसरलेले, मान थोडी कललेली, टाचेवर गरगर गरगर. डाव्या अंगाला. थांबली, तोल सावरला आणि पुन्हा डाव्या अंगालाच फिरायला लागली.

शालूच्या मांडीवरचा लिफाफा खाली घसरला. इतका वेळ ती सासऱ्याला खोटं पाडत होती, आता तिलाही पोरीत मेंढीच दिसली. तिला वाटलं, म्हातारा म्हणंल, बघ. पण धुळाजी उठले, अंगणात गेले, नातीच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून तिला थांबवलं आणि उचलून बाजेवर आणून निजवलं. पोर एवढी मोठी झाल्यापासून त्यांनी तिला कधी उचललं नव्हतं.

“मला काय झालंय?” मोनिका म्हणाली.

“काय न्हाई झालं. पडून ऱ्हा.”

शालूनं लिफाफा उचलला, त्यावरची धूळ पदरानं पुसली. “मामा,” ती खालच्या आवाजात म्हणाली, “उद्या तुमीबी चला. तुमाला जे इचारायचं ते तुमीच इचारा. तुमी हो म्हणल्याबिगर डोक्याला हात लावू देणार न्हाई मी.”

धुळाजींनी मान डोलावली.

जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टर सुमेधा यांनी फिल्म उजेडाच्या पाटीवर लावली आणि बघत उभ्या राहिल्या. त्यांनी तोंड उघडायच्या आत धुळाजी बोलायला लागले. मेंढी कळपातून कशी बाजूला पडते, मान कशी धरते, मेंढा उठून कसा उभा राहिला. परमेश्वर कानापर्यंत लाल झाला. “बा, गप ना. बाहेर लाईन हाय माणसांची.”

“असू द्या,” डॉक्टर म्हणाल्या. त्या खुर्ची ओढून धुळाजींच्या समोर बसल्या. “मेंढरू कोणत्या बाजूला फिरतं?”

“ज्या अंगाला पिशवी, बहुतेक त्याच अंगाला.”

“आणि कुत्र्यामुळे होतं, हे कुणी सांगितलं?”

“जनावराच्या डॉक्टरनं. कुत्रं म्या कालच घालवून आलो.”

“त्यांनी बरोबर सांगितलं होतं. तुम्ही हे विचारलं ते बरं केलंत. माणसालाही क्वचित ते होतं, म्हणून मलाही बघावंच लागतं.” त्या उठल्या आणि फिल्मवर बोट ठेवलं. “मेंढराच्या पिशवीत किडा असतो, बाबा. ती वाढत जाते, मेंदूला दाबते. ती अशी दिसत नाही. ही हिच्या जन्मापासूनची आहे. हिच्यात नुसतं पाणी आहे. आपल्या सगळ्यांच्या मेंदूभोवती असतं तेच. तुमच्या घरी भिंतीत कोनाडा आहे का?”

“हाय की. देवाचा.”

“भिंत बांधतानाच ठेवलेला ना? मागून खणून काढलेला नाही?”

“मागून कसा खणतील? भिंत खचंल.”

“मग कोनाड्यामुळे भिंत कधी कलली?”

धुळाजींनी विचार केला. “न्हाई. माझ्या बापाच्या वक्ताची हाय.”

“तसंच आहे हे. हिचं डोकं बांधलं जात होतं तेव्हाच हा कोनाडा राहिला. मेंदूनं त्याच्या बाजूनं आपली जागा धरली. ती पडली म्हणून आपण फोटो काढला, म्हणून दिसला. नाहीतर म्हातारी होईपर्यंत कुणाला कळलाही नसता.”

“म्हंजी कापायचं न्हाई?” हे शालूनं विचारलं. तिला स्वतःचा आवाज ओळखू आला नाही.

“कापायचं नाही. औषधही नाही. वर्षानं पुन्हा एक फोटो काढू, वाढत नाही ना ते बघायला. मधे डोकं सारखं दुखलं, उलट्या झाल्या, फिट आली, तर मात्र लगेच आणायचं. थांबायचं नाही.”

शालूनं ते मनात दोनदा म्हटलं. पण धुळाजी अजून उठत नव्हते.

“मंग ती फिरती कामून?”

डॉक्टर थबकल्या. “कोण फिरते?”

“मोनिका. काल फिरत व्हती. डाव्या अंगाला. समद्यांनी बघितलं.”

डॉक्टरांनी मोनिकाला एका रेषेवर चालायला लावलं, डोळे मिटून नाकाला बोट लावायला लावलं, डोळ्यांत उजेड टाकून बघितला. मग तिच्यासमोर वाकल्या.

“तू गोल गोल का फिरत होतीस गं?”

मोनिकानं आधी आईकडं बघितलं, मग आज्याकडं. “सांगितलं तर नाचातून काढायचं न्हाई.”

“कोणता नाच?”

“ग्यादरिंगचा. गुरुवारी हाय. फिरायचंच हाय त्याच्यात.”

“पण डावीकडेच का?”

“शाळेतल्या मॅडम म्हणल्या. उजवीकडून फिरलं तर वंदनाला धडकती मी.”

धुळाजींनी डोळे बारीक केले. “वंदना कोण?”

“माझ्या उजव्या हाताला असती, आज्या. जाडी हाय जरा. तिला सरकता येत न्हाई जल्दी.”

आधी परमेश्वर हसला. मग डॉक्टर. धुळाजींनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं, पुन्हा घातलं, पुन्हा काढलं. “दोन दिस अन्न गेलं न्हाई मला,” ते नातीला म्हणाले. “आगुदर सांगायला काय झाल्तं?”

“कोणी इचारलंच न्हाई,” मोनिका म्हणाली.

शालू डॉक्टरांच्या पायाशी वाकली, तेव्हा त्यांनी पाय मागं घेतले. “कुत्र्याला जंताचं औषध द्या आणि पोरीला हात धुवायला लावा,” त्या म्हणाल्या. “एवढं केलंत तरी पुष्कळ.”

परतीच्या वाटेवर टेम्पोत मोनिका आज्याच्या मांडीवर झोपली. शालू शेजारी दाटीनं बसली होती. बदनापूरकडचे पाहुणे परमेश्वरला एकदा म्हणाले होते, मोठे डॉक्टर दोन मिनिटंसुद्धा देत नाहीत. ह्या बाईंनी मेंढरांची सगळी गोष्ट ऐकून घेतली होती, बाहेर लाईन असताना. शालूच्या मनात त्यांच्यासाठी जे काही दाटलं होतं ते सांगायला शब्द नव्हता. आणि दुसरं एक होतं, ते तर आणखी अवघड. पोर डाव्या अंगाला फिरते, हे आई असून तिनं कधी बघितलं नसतं. म्हाताऱ्यानं बघितलं. ज्या नजरेनं तो कळपातलं एक एक मेंढरू बघतो, त्याच नजरेनं. काल आपण त्याला पोरगा-पोरगी म्हणून टाकून बोललो, हे तिला आठवलं. तिनं पदराचं टोक काढून मोनिकाच्या तोंडावरचं ऊन अडवलं, आणि मग पदर थोडा आणखी ओढून म्हाताऱ्याच्या डोळ्यांवरचंही. थोडं सरकून धुळाजींनी तिला बसायला जागा केली.

घरी बायनाबाई दारातच होत्या. सगळं ऐकून त्यांनी देवापुढं साखर ठेवली, मोनिकाची दृष्ट काढली. मग लिफाफा उचलला आणि ज्वारीच्या कोठीमागं सारला.

“बरं झालं, देव पावला. आता हे कुणाला सांगायचं न्हाई. मॅडमला कळवा, पोरगी आजारी हाय म्हणून. नाचबिच बंद. डोक्यात पाणी असल्याली पोरगी म्हणून गावात झालं, तर उद्या दारात सोयरीक येईल का?”

शेजारच्या घरातून लाटण्याचा आवाज येत होता. तो थांबला.

परमेश्वरनं सवयीनं बापाकडं बघितलं. धुळाजींनी शालूकडं.

शालूनं कोठीमागं हात घातला, लिफाफा काढला, झटकला आणि मांडणीवर, सगळ्यांना दिसेल असा उभा ठेवला. पदर खोचला. आवाज चढवला नाही, पण साळूबाईला भिंतीपलीकडं ऐकू जाईल इतका ठेवला.

“आत्या, गुरुवारी मोनिका नाचणार हाय. त्या दिवशी मेंढरं वाड्यात ऱ्हातील, त्यांना चारा आदल्या दिवशी आणून ठेवायचा, अन् घरातल्या समद्यांनी बघायला जायचं. अन् उद्या सकाळच्या गाडीनं मामा आष्टीला जाऊन भुऱ्याला घेऊन येतील.”