येळवशीचं टोपलं

माझ्या सासूबाई झुंबरबाई टोपलं विणायला बसल्या की तोंडाला कुलूप लावतात. एरवी गल्लीत कुणाची शेळी व्याली इथपासून त्यांना सगळं बोलायचं असतं, पण निरगुडीची काडी हातात आली की संपलं. माहेरी शेळ्या राखताना बापाचं बघून बघून त्या शिकल्या. पन्नास वर्षांत त्यांनी विणलेली टोपली आणि कोंबड्यांची डालगी गावात घरोघरी आहेत, गंगाखेडच्या बाजारातही जातात. प्लास्टिकची घमेली आली तरी येळवशीला आमच्या गावात काड्यांचं नवं टोपलं लागतंच. मार्गशीर्षातल्या त्या वेळ अमावास्येला आंबील, हिरव्या दाण्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे घेऊन सगळे शेतात निघतात, तेव्हा बायका आधी एकमेकींच्या डोक्यावरचं टोपलं बघतात आणि मग भज्जीची चौकशी करतात.

अठरा वर्षं मी हे सगळं चुलीपाशी बसून बघितलं. भाकरी थापायची आणि एक डोळा त्यांच्या बोटांवर ठेवायचा. शिकवा म्हणून कधी तोंड उघडलं नाही. मी घरची थोरली सून. मला वाटायचं, एक दिवस त्या आपणहून म्हणतील, "शिवकन्या, बस इथं."

त्यांनी तसं म्हटलं, पण राणीला.

राणी ही माझी धाकटी जाऊ, सोनपेठकडची. गेल्या उन्हाळ्यात माझ्या दिराशी, रामहरीशी तिचं लग्न झालं. आल्याच्या तिसऱ्या दिवशी ती सासूबाईंच्या मांडीला मांडी लावून बसली आणि म्हणाली, "आत्याबाई, मला बी शिकवा की." झालं! त्या दिवसापासून सासूबाई विणताना चक्क बोलायला लागल्या. "अशी धर, हितं दाब, लय घाई करू नगं." हे शब्द ऐकून माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. राणीचं पहिलं टोपलं इतकं तिरपं झालं की कोंबडीसुद्धा त्यात बसेना. तरी सासूबाईंनी ते शेजारच्या केशरबाईला बोलावून दाखवलं. मी त्या दिवशी पुरणपोळ्या केल्या होत्या, त्या कुणी दाखवल्या नाहीत.

दिवाळीनंतर सासूबाईंना दिसायला कमी आलं. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू. घरी येऊन त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "यंदाचं येळवशीचं टोपलं राणी विणंल." मी भांडी घासत होते. तांब्या जरा जोरात आपटला, पण काय झालं म्हणून कुणी विचारलं नाही.

आता काडीचं सांगते. बूड मांडताना सात काड्या आडव्या-उभ्या रचून बांधतात, त्यांची चौदा टोकं बाहेर येतात. मग सासूबाई हळूच आणखी एक काडी खोचतात, पंधरावी. टोकं सम राहिली तर विणायची काडी दर फेऱ्याला त्याच त्या टोकांवरून जाते, वीण अडकत नाही आणि सगळं ढिलं पडतं. हे त्या कुणालाच सांगत नसत. मी आपलं मोजून मोजून ओळखलं होतं.

येळवशीच्या चार दिवस आधी राणीनं बूड बांधलं. सासूबाईंनी त्यात पंधरावी खोचली, वर ओलं पोतं टाकलं आणि दोघी दुपारच्या गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठी आणखी काड्या तोडायला गेल्या. मी पोतं उचललं, ती काडी उपसली आणि चुलीमागच्या सरपणात खुपसली. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी माझ्या भाकऱ्या छान फुगल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी राणी विणायला बसली. चार फेरे घातले, चारही सुटले. पुन्हा घातले, पुन्हा तेच. शेवटी ती रडायला लागली. सासूबाईंनी बूड ओढून घेतलं आणि टोकांवरून बोटं फिरवली, एकदा, दोनदा. मग म्हणाल्या, "राणे, जा, हापशावरून घागर भरून आण."

ती गेली तशा त्या माझ्याकडे वळल्या. "काडी कुटं हाय?"

"कसली काडी?"

"पंधराव्या काडीचं मी राणीला अजून सांगितलं न्हाई. नेमकी तीच उपसायची, हे ज्याला विणता येतंय त्यालाच कळंल. कवा शिकलीस?"

मी फाडकन म्हणाले, "तुमी कुटं शिकवलं मला? अठरा वर्सं झाली. ही काल आली आन् आज तुमच्या मांडीला बसायली!"

"तू कदी इचारलंस का?" त्या म्हणाल्या. "लांबून बघायचीस. मला वाटलं, थोरलीला काड्यांची लाज वाटती."

आणि त्यांनी बूड माझ्या मांडीवर ठेवलं.

मी उठून सरपणातली काडी आणली. खोचली. हात आपोआप चालायला लागले आणि तिसऱ्या फेऱ्याला वीण घट्ट बसली. इतक्यात राणी घागर घेऊन दारात आली. तिनं विणीकडे बघितलं, मग राख लागलेल्या त्या काडीकडे.

"जाऊबाई, काडी तुमी काढली व्हती?"

"व्हय," मी म्हणाले. आता ही भांडणार, रामहरीला सांगणार, माहेरी फोन लावणार, म्हणून मी पदर खोचून तयारच बसले.

"म्हंजी तुमाला येतंय!" ती म्हणाली. "मग इतके दिस मला का न्हाई शिकवलंत?"

अठरा वर्षं मी जो प्रश्न गिळून बसले होते, तो हिनं डोक्यावरची घागर उतरवायच्या आत विचारून टाकला. सासूबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. येळवशीचं टोपलं माझ्या मांडीवर होतं, तरी मला हेवा वाटला तो तिचाच.