रंगनाथरावांचं पत्र

रस्त्याच्या कडेला मेलेलं जनावर दिसलं की रंगनाथराव निकम जीप थांबवायला लावत. आम्ही बाकीचे नाकाला रुमाल लावून आतच बसून राहायचो. ते मात्र खाली उतरून त्या म्हशीपाशी नाहीतर बैलापाशी जात, वाकून पोट, खुर, सांधे नीट बघत आणि मग मान वर करून आभाळाकडे पाहत उभे राहत. पाच मिनिटं, कधी दहा. वर काही नसे. खाली कुत्री आणि कावळे. परत जीपमध्ये येऊन बसले की एवढंच म्हणत, "चला. नाय आलं कुणी."

निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या पुढच्या साली जन्मलेला हा माणूस. त्यांच्या लहानपणी पिशोरला गावाबाहेर ढोर टाकून माणसं घरी परतेपर्यंत वर गिधाडांच्या घिरट्या सुरू व्हायच्या. दुपारी ढोर टाकलं की दिवस मावळायच्या आत नुसता सांगाडा उरायचा. "शाळेतून येताना आमी बगत थांबायचो," ते सांगत. "एवढाली पाखरं, पण भांडून झालं की गपगार बसायची. पोट भरल्यावर उडताबी यायचं नाय त्यांना."

रंगनाथराव पिशोरच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होते. आसपासच्या वस्त्यांमध्ये सगळे त्यांना डॉक्टर म्हणत. त्यांना ते आवडत नसे. "डाक्टर तालुक्याला, कन्नडला बसतो. म्या सुई टोचणारा," असं ते ज्याला त्याला सांगत. पण रात्री-अपरात्री गाय अडली की लोक कन्नडला जात नसत, यांचंच दार वाजवत.

मी तेव्हा शहरात मुलींच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. बँकेतले दीक्षित यांनी आम्हा सात-आठ जणांचा पक्षी बघणाऱ्यांचा एक गट जमवला होता. हिवाळ्यात रविवारी आम्ही जायकवाडीच्या पाण्यावर बाहेरून येणारे पक्षी बघायला जायचो. एका वर्षी कुणीतरी सांगितलं की पिशोरच्या डोंगरात एका कड्यावर अजून गिधाडं आहेत. म्हणून तिकडे गेलो. कड्याखाली एका दगडावर पांढरा पायजमा, अंगात खाकी स्वेटर आणि कानटोपी अशा वेषातला एक माणूस हातात वही घेऊन बसला होता. दुर्बीण वगैरे काही नाही. आम्ही दुर्बिणी रोखून मोजणी सुरू केली, तर तो शांतपणे म्हणाला, "अकरा हायती."

आमचीही अकराच भरली. दीक्षित म्हणाले, "कपारीत आणखी चार-पाच असतीलच. पंधरा लिहूया."

"दिसलं तेवढंच लिवा, साहेब," तो माणूस म्हणाला. "नाय दिसलं ते असंल, नसंल. आपल्याला काय ठाव?"

ती आमची पहिली भेट. त्या दिवसापासून कड्याची मोजणी रंगनाथरावांच्याच वहीतून आमच्या यादीत येऊ लागली. पुढच्या हिवाळ्यात गिधाडं कमी होती. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात आणखी कमी. गावात जो तो आपापलं कारण सांगायचा. कुणी म्हणे कुत्र्यांसाठी विष घालतात, कुणी म्हणे झाडं गेली, कुणी म्हणे पाऊसच हटला. रंगनाथरावांना यातलं काही पटत नसे. त्यांनी गिधाडं मरण्याआधी बघितली होती. "चार-चार दिवस मान टाकून बसत्यात," ते मला म्हणाले होते. "कोंबडीला मर लागल्यावानी. कायतरी रोग हाय, बाई." सगळी शाळा मला बाई म्हणायची, म्हणून तेही बाईच म्हणत.

मग एकदा शहरातल्या एका कॉलेजात बाहेरगावच्या एका अभ्यासकाचं व्याख्यान ठेवलं होतं. रंगनाथराव सकाळच्या बसने आले. माझ्या शेजारीच बसले. पडद्यावर फाडून ठेवलेल्या गिधाडाचं चित्र आलं. आतल्या अवयवांवर चुना शिंपडावा तसा पांढरा थर होता. अभ्यासक सांगत होते की हा रोग नव्हे. जनावरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक नावाचं इंजेक्शन देतात. ते दिल्यावर लगेच जनावर मेलं तर औषध त्याच्या मांसात राहतं. ते मांस खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं बंद पडतात. एका ढोरावर सगळा थवा जेवतो, त्यामुळे सगळा थवाच जातो.

शेवटी प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा रंगनाथराव उभे राहिले. "सुई दिल्यावर किती दिवसांत ढोर मेलं तर धोका?"

"दोन-तीन दिवसांत मेलं तर नक्कीच."

ते खाली बसले. नंतर चहा आणि चिवडा होता, पण ते तिकडे गेले नाहीत. मी त्यांना शोधत बाहेर आले तर जिन्याच्या पायरीवर बसलेले.

"बाई, ते औषध आलं तवा लई नवल वाटलं व्हतं," ते म्हणाले. "लंगडा बैल घंट्याभरात चालायचा. लोक पाया पडायचे. मंग म्या समद्यालाच द्याया लागलो. ढोर जगणार नाय हे मला हात लावला की कळायचं. तरीबी मालकाच्या समाधानासाठी एक सुई द्यायचो. मालकाला वाटावं, डाक्टरनं इलाज केला. जगणारी जगली. मरणारी दुसऱ्या दिवशी मेली, अन् ती कुठं टाकली? कड्याखाली."

"तुम्हाला माहीत नव्हतं," मी म्हणाले.

"म्हायीत नव्हतं हे खरं. केलं म्याच, हेबी खरं," ते म्हणाले. "एक धरून दुसरं सोडता येत नाय."

त्यानंतर वर्षभरात ते निवृत्त झाले. लोक निवृत्तीनंतर घर बांधतात, तीर्थाला जातात. रंगनाथराव सायकल काढून वस्त्यावस्त्यांवर हिंडू लागले. ज्या ज्या दावणीला त्यांनी सुई दिली होती, तिथे तिथे जाऊन सांगू लागले की हे औषध आता घ्यायचं नाही, दुसरं आहे ते घ्यायचं, आणि सुई दिलेलं ढोर मेलं तर उघड्यावर टाकायचं नाही, पुरायचं. पुढे सरकारनेही जनावरांसाठी त्या औषधावर बंदी घातली. पण माणसांसाठीच्या बाटल्या दुकानात मिळतच होत्या, आणि त्याच जनावरांना टोचल्या जात होत्या. रंगनाथराव औषधाच्या दुकानासमोर बाकड्यावर जाऊन बसत. कुणी जनावरासाठी बाटली मागताना दिसला की त्याला हाताला धरून बाजूला नेत. दुकानदार वैतागले. गावात बोललं जाऊ लागलं, डॉक्टरला पाखराचं याड लागलं.

एक प्रसंग मला विसरता येत नाही. दिवाळीची सुट्टी होती, मी चार-पाच दिवस पिशोरला त्यांच्याच घरी राहिले होते. गयाबाई नावाच्या एका म्हातारीची दुभती म्हैस नाल्यात घसरली. मागचे पाय गेले. तिने रंगनाथरावांना बोलावणं धाडलं. आम्ही गेलो तेव्हा म्हैस कुशीवर पडून डोळे फिरवत होती, आणि इतका खोल आवाज काढत होती की मला तिथे उभं राहवेना. गयाबाईच्या पुतण्याने दुकानातून बाटल्या आणून ठेवल्याच होत्या.

रंगनाथरावांनी बाटली हातात घेऊन नाव वाचलं आणि खाली ठेवली. "हे नाय देत."

"कामून?" गयाबाई म्हणाली. "आदी तर तुमीच टोचत व्हते. माझ्याच बैलाला टोचलं."

"व्हय. तीच चूक झाली माझी."

त्यांनी एकाला मोटारसायकलवर दुसरं औषध आणायला कन्नडला पिटाळलं. दवाखाना सुट्टीमुळे बंद होता, औषध यायला संध्याकाळ झाली. तोवर रंगनाथराव गरम पाण्यात पोती भिजवून म्हशीची कंबर शेकत राहिले. तेल लावलं, कडब्याच्या पेंढ्यांचा टेकू दिला, कूस बदलली. साठी उलटलेला माणूस घामाने चिंब झाला होता. म्हैस हंबरत होती. त्यांच्या हाताशी, विटेवर, त्या बाटल्या तशाच होत्या. मी दोनदा त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी दुसरी सुई दिल्यावर म्हैस शांत झाली, पण तिसऱ्या दिवशी गेली. गयाबाई रडली नाही. तिने रंगनाथरावांना एवढंच म्हटलं, "पाखरापायी माझं जनावर दिसभर तळमळत ठेवलं तुमी."

परत येताना मी म्हणाले, "त्या औषधानेही ती वाचली नसती."

"नसतीच वाचली. पण दिसभराची तळमळ वाचली असती. तिचं बरोबर हाय."

"मग तुमचं चुकलं का?"

ते सायकल हातात धरून चालत होते. "तसंबी म्हणता येत नाय, बाई," ते म्हणाले. "लई अवघड जागी आणून ठेवलं म्या सोताला."

म्हैस कड्याखाली टाकली होती. तिच्या अंगात ते औषध नव्हतं. दोन दिवस रंगनाथराव तिथे बसून राहिले. एकही गिधाड आलं नाही. गयाबाई पुढे त्यांच्याशी कधीच बोलली नाही.

काही हिवाळे कडा रिकामा गेला. तरीही आम्ही जात होतो आणि वहीत शून्य लिहीत होतो. मग एका माघात रंगनाथरावांचा शाळेत फोन आला. "बाई, एक जोडी बसलीया." ते एवढंच बोलले. आम्ही शनिवारी पोचलो. कपारीत काटक्या रचलेल्या होत्या. पुढे त्यातून एक पिल्लू डोकं काढू लागलं. गिधाड एका विणीला एकच अंडं घालतं, त्यामुळे ते एक पिल्लू म्हणजे त्या कड्याचं सगळं वर्ष होतं. उन्हं चढू लागली तशी आम्ही दर रविवारी पाळी लावून जायचो.

ज्या दिवशी ते उडालं, त्या दिवशी मी तिथे होते. रंगनाथरावांना मोतीबिंदूमुळे नीट दिसत नव्हतं. ते माझ्या बाजूला उभे राहून विचारत होते, "पंख नीट मारतंय का? मान कशी हाय?"

"सरळ आहे," मी म्हणाले. "आता दरीवर गेलंय. वर चढतंय."

"मान सरळ हाय नव्हं?"

"हो."

ते दगडावर बसले आणि कानटोपी काढून तोंड पुसलं. दीक्षितांनी पेढे आणले होते. रंगनाथरावांनी पेढा हातात धरून ठेवला, खाल्ला नाही.

दीक्षितांनीच मग एका वर्तमानपत्राच्या वार्ताहराला कड्यावर नेलं. रंगनाथराव त्याला म्हणाले, "लिवायचंच असंल तर आदी मारली कुणी ते लिवा. म्या मारली." वार्ताहर हसला. त्याला वाटलं, म्हातारा विनयाने बोलतोय. तीन दिवसांनी बातमी आली. मथळा होता, 'गिधाडांचा पालनहार'. खाली रंगनाथरावांचा फोटो.

दुसऱ्याच दिवशी ते कात्रण घेऊन आमच्या सिडकोतल्या घरी आले. इतके अस्वस्थ मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. चहा घ्यायच्या आधी म्हणाले, "बाई, कागद घ्या. म्या सांगतो तसं लिवा. सुधरू नका." त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. पाऊण पान झालं. खाली त्यांनी सही केली, माझ्याकडून तारीख घालून घेतली आणि पत्र त्या वर्तमानपत्राला पाठवायला सांगून पाच वाजताची बस धरली.

मी ते पत्र पाठवलं नाही. दीक्षितांना फोन केला तर ते म्हणाले, "कशाला? आत्ता कुठे लोक गटात येऊ लागलेत." पण दोष त्यांच्यावर ढकलण्यात अर्थ नाही. मला स्वतःलाच वाटलं, या वयात लोक यांना नावं ठेवतील, सुनेला पाणवठ्यावर टोमणे ऐकावे लागतील. मी पत्र कपाटात साड्यांखाली ठेवलं. रंगनाथरावांनी पुढे दोनदा विचारलं, "छापलं का वं ते?" मी म्हणाले, "सगळीच पत्रं नाही छापत ते लोक." ते बरं म्हणाले आणि विषय सोडला.

दोन वर्षांनी पावसाळ्यात ताप छातीत उतरला आणि ते गेले. तेराव्याला गावाने शाळेच्या मैदानात शोकसभा ठेवली. जो बोलायला उठला त्याने पालनहार हाच शब्द वापरला. मागे भिंतीवर ते कात्रण मोठं करून लावलं होतं. माझं नाव पुकारलं तेव्हा मी पर्समधून पत्र काढलं. बोलायचं मी काहीच ठरवलं नव्हतं. सरळ वाचायला सुरुवात केली.

"मी रंगनाथ कारभारी निकम, राहणार पिशोर. पेपरात माझ्याबद्दल आलं ते अर्धं हाय. कड्यावरची गिधाडं ज्या औषधानं मेली ते औषध या भागात म्या आणलं अन् म्याच टोचलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती. लोक पाया पडायचे ते मला गोड वाटायचं, म्हणून गरज नसतानाबी टोचलं. गयाबाईची म्हैस माझ्यामुळं दिसभर तळमळली, तेबी लिहून घ्यावं. एक पिल्लू उडालं त्यात माझं काय नाय, ते त्याच्या मायबापानं वाढवलं. आता बैल लंगडला तर मेलोक्सिकॅम मागा. दुसरं देत असतील तर दुकानातून उठून या."

पुढे बसलेल्या एका पुढाऱ्याने घड्याळ बघितलं. मग मागच्या रांगेतला एक शेतकरी उभा राहिला आणि औषधाचं नाव सावकाश सांगायला सांगितलं. मी सांगितलं. त्याने ते तळहातावर लिहून घेतलं. आणखी दोघांनी लिहिलं.

रंगनाथरावांचा मुलगा दत्ता मला स्टँडवर सोडायला आला. मला वाटलं होतं, तो चिडेल. बस लागायला वेळ होता. तो म्हणाला, "बाई, ते पत्र बगू."

त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मग खालच्या तारखेवर त्याचं बोट थांबलं.

"हे दोन वर्षांखालचं हाय."

"हो," मी म्हणाले. "मी पाठवलंच नव्हतं, दत्ता. त्यांना खोटं सांगितलं."

त्याने कागदाची घडी घातली, पण मला परत दिला नाही. तो म्हणाला, "आबांना दिसत नव्हतं ना, म्हणून शेवटची दोन वर्षं नातीकडनं रोज पेपर वाचून घ्यायचे. पहिल्या पानापासून शेवटपतूर. कशासाठी ते आमाला कवाच सांगितलं नाय."