धाकट्या जावेची शिकवणी

निवृत्त झाल्यावर तीन महिन्यांतच माझं ब्लडप्रेशर वाढलं. नोकरीत असताना मी ते इतरांचं वाढवत असे. पांढुर्ण्याच्या शाळेत सौंसरहून रोज अपडाऊन करून मी पोरांच्या दोन पिढ्या धाकात ठेवल्या. आता धाकात ठेवायला घरात कोणी नव्हतं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती आणि मुलगी पुण्यात होती. राहता राहिलं माझं रक्त, ते उसळायला लागलं.

डॉक्टर म्हणाले, "मॅडम, मन रमेल असं काहीतरी करत जा." मुलगी फोनवर म्हणाली, "आई, क्रोशे शीक ना. एकदम रिलॅक्सिंग असतं." मी बाजारातून सुई आणली, पांढऱ्या दोऱ्याचे दोन गुंडे आणले आणि मोबाइल तांब्याला टेकवून शिकायला बसले. मोबाइलमधली मुलगी गोड हसत "किती सोप्पं आहे बघा" म्हणायची आणि मी तिला मोठ्यानं सांगायची, "हळू दाखव, गधडे." ती काही हळू दाखवायची नाही. चार दिवसांनी माझी पहिली साखळी तयार झाली, पण इतकी करकचून आवळलेली की पुढच्या ओळीसाठी तिच्यात सुईचं टोकसुद्धा शिरेना. प्रेशर मोजलं तर आणखी वाढलेलं.

ती साखळी माझ्या धाकट्या जावेनं पाहिली. ती रामाकोन्याला राहते, त्यांचा तिकडे संत्र्याचा बगीचा आहे. दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी ती सौंसरला येते आणि परतीच्या बसला वेळ असतो म्हणून दुपारी माझ्याकडे थांबते. ही मी तिच्यावर वर्षानुवर्षं करत आलेली मेहरबानी आहे, असं मी धरून चालले होते. चहा मी पाजत असे, आणि चहाबरोबर तिच्या बोलण्यातल्या चुकाही काढत असे. ती आठवीत शाळा सोडलेली, मी डबल एम.ए. ती "मले" म्हणाली की मी "मला" म्हणायचे, "येतो" म्हणाली की "येते". ती हसून पुन्हा "मले"च म्हणायची.

साखळी हातात घेऊन ती म्हणाली, "बाई, हे कायले इतकं आवळलं? दोऱ्याचा जीव घेऊन राहिल्या तुम्ही." आणि बोलता बोलता, खिडकीबाहेर पाहत, तिनं तळहाताएवढं फूल विणून माझ्यासमोर ठेवलं. मला राग आला. राग येण्यासारखं त्यात काही नव्हतं, तरी आला.

तर अशी माझी शिकवणी सुरू झाली. मी वही केली. समास आखून "ओळ पहिली : साखळ्या सहा, गोल जोडणे" असं लिहून काढलं. जाऊ म्हणाली, "वही ठेवा बाई, माझे हात पाहा." मी म्हटलं, "आधी नियम सांग, मग हात पाहते." नियम तिला सांगता येईना. ती म्हणायची, "मनात येते तसं घालतो, मग बराबर होते." हे काय उत्तर झालं? परीक्षेत कोणी असं लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं. पण तिचं बरोबर व्हायचं आणि माझा सपाट रुमाल दर वेळी कडेनं वर उठून वाटी व्हायचा. अशा पाच वाट्या झाल्या. सहावी घातली तेव्हा ती म्हणाली, "घरात वाट्या कमी असन तर सांगा बाई, मी स्टीलच्या आणून देतो." इतकं अपमानास्पद मला तीस वर्षांत कोणी बोललं नव्हतं आणि इतकं मोठ्यानं मी तीस वर्षांत हसले नव्हते. तरी कबूल काही केलं नाही. बाजाराचा दिवस आला की सकाळपासून मी दारासमोरच्या ओट्यावर तीन-तीनदा जाऊन येऊ लागले होते, हेही तिला कधी सांगितलं नाही.

यंदा तिच्या मुलीचं लग्न ठरलं. रुखवतात मांडायला जावेनं स्वतः एक मोठा गोल रुमाल घातला होता. बारा पाकळ्यांचा, ताट झाकेल एवढा. शेवटची किनार तेवढी राहिली होती. लग्नाला सोळा दिवस असताना बाजाराच्या पिशव्या जड झाल्या म्हणून तिनं तो माझ्याकडे ठेवला. शेवटच्या टाक्याला सेफ्टी पिन लावली आणि म्हणाली, "राहू द्या इथंच. पुढच्या बाजारी नेतो."

ती गेली आणि मी रुमाल तपासायला घेतला. मला कोणी सांगितलं होतं तपासायला? कोणी नाही. पण समोर काम आलं की तपासल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी प्रत्येक पाकळीतले खांब मोजले. सुईवर दोरा घेऊन जो उभा टाका घालतात, त्याला खांब म्हणतात. अकरा पाकळ्यांत नऊ-नऊ खांब होते. बाराव्या पाकळीत आठ.

मला केवढा आनंद झाला! जिच्या हातून कधी चूक होत नाही तिची चूक मला सापडली होती. हात शिवशिवायला लागले. मनात म्हटलं, लग्नात चार बायका बघतील, नावं ठेवतील. आपण थोरल्या आहोत, आपण नाही सुधारायची तर कोणी? चुकलेली पाकळी तीन ओळी आत होती. तेवढ्या तीन ओळी उसवायच्या आणि पुन्हा घालायच्या, एवढंच काम. मी पिन काढली आणि दोरा ओढला.

क्रोशाला गाठी नसतात. शेवटचा टाका मोकळा केला की सगळं सर्रकन निघत येतं. खरं सांगते, या छंदात मला खरी विश्रांती मिळाली ती तेवढ्या दोन मिनिटांतच. दोरा येत होता, मी ओढत होते आणि मन कसं शांत झालं होतं. भानावर आले तेव्हा तीनच्या सहा ओळी झाल्या होत्या. मग कुठून सुरू करायचं तेच कळेना. वहीत पाहिलं, वही तिच्या रुमालाशी जुळेना. कळेल अशा ओळीपर्यंत जाऊ म्हणून आणखी उसवलं. शेवटी हातात मारी बिस्किटाएवढा रुमाल आणि मांडीवर दोऱ्याचा ढीग. नंतरचे चार दिवस मी ते पुन्हा घालायचा प्रयत्न केला. काय झालं असेल ते तुम्हाला ठाऊकच आहे. सातवी वाटी.

बाजाराचा दिवस आला. जन्मभर पोरांना "खरं बोला, मी काही करणार नाही" असं सांगत आलेली बाई त्या दिवशी सकाळी अकरालाच दाराला कुलूप घालून लोधीखेड्याला एका ओळखीच्या बाईंकडे जाऊन बसली. त्या बाईंना मी का आले ते कळेना आणि मला सांगता येईना. दोन तास आम्ही त्यांच्या गुडघेदुखीवर बोललो.

संध्याकाळी परत आले तर दाराच्या कडीत सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, ताजी जुडी खोचलेली. शेजारीण म्हणाली, "तुमच्या जाऊबाई बसून होत्या ना ओट्यावर. तासभर. फोनही लावला त्यायनं." फोन वाजताना मी पाहिला होता. उचलला नव्हता. ती जुडी हातात घेऊन मी दारातच उभी राहिले आणि मला माझी मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी पहिली बस पकडून रामाकोना गाठलं. अंगणात खाटेवर पापड वाळत होते. जाऊ आणि तिची मुलगी पापड लाटत बसल्या होत्या. वाटेत मी भाषण तयार केलं होतं, प्रस्तावना, विषयप्रवेश, सगळं. जावेनं वर पाहिलं, नेहमीसारखी हसली नाही, आणि भाषण मी साफ विसरले. पिशवीतून ती वाटी आणि दोऱ्याचा ढीग काढून तिच्यापुढे ठेवला.

"मी उसवला," म्हटलं.

"कायले?"

"एका पाकळीत आठच खांब होते. चूक होती."

मुलगीच आधी बोलली. "मोठी आई, ते तर आईनं मुद्दाम सोडलं होतं. लग्नाच्या वस्तूत एक टाका कमी ठेवते ती. नजर लागू नये म्हणून."

जी एक गोष्ट त्या रुमालात जाणूनबुजून केलेली होती, नेमकी तीच मी चूक म्हणून काढली होती. "माझं चुकलं," मी म्हटलं. हे शब्द तोंडातून निघताना मला जे कष्ट पडले ते पाहून मुलीनं मान खाली घातली, बहुतेक हसू लपवायला.

जाऊ हसली नाही. लाटणं बाजूला ठेवून म्हणाली, "रुमालाचं काही नाही बाई. पाच दिवसात होते तो. पण तुम्ही कुलूप लावून गेल्या, फोन नाही उचलला. मी ओट्यावर बसून विचार करून राहिली, की आता बाईले मी जड होऊन राहिली. दर बाजारी येतो, बसतो, त्यायचा टाइम खातो." तिचे डोळे भरून आले होते. "मी ठरवलं होतं, आता नाही जायचं."

रुमाल पाहून ती यायचीच बंद झाली तर माझं काय होईल या धास्तीनं मी पळाले होते, आणि पळून तेच करून बसले होते.

"नाही गं," एवढंच म्हणाले. "तू येतेस म्हणून तर..." तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, पदरानं डोळे पुसले आणि मुलीला चहा ठेवायला सांगितलं. मग तो दोऱ्याचा ढीग मांडीवर घेऊन गुंडा करायला लागली. दुसरं टोक तिनं माझ्या हातात दिलं.

"आता आल्याच आहात, तर लग्नापर्यंत राहा," ती म्हणाली. "पापड हायेत, शेवया हायेत. माझ्या एकटीच्यानं नाही होत."

"मी कपडे नाही आणले."

"माझे हायेत न."

तरी घरी सांगायला हवं म्हणून मी सवयीनं मोबाइल काढला. कोणाला सांगायचं ते आठवेना. सौंसरच्या घरी माझी वाट पाहणारं कोणी नव्हतं, आणि हे त्या क्षणापर्यंत मी स्वतःलाही कधी स्पष्ट सांगितलं नव्हतं. मोबाइल पिशवीत टाकला आणि जावेला विचारलं, "माझी पिशवी कुठे ठेवू?"