विहिरीच्या कासवाला सोबत

कासव हौदात उलटं पडलं होतं, पोट वर. मागच्या एका पायाची बोटं उरली नव्हती, पाण्यात रक्ताची रेघ होती आणि भोवती मरळ मासा फिरत होता. हात घालू की सासूला हाक मारू, मला सुचेना.

ते आमच्या विहिरीतलं कासव. पोलीस ॲक्शनच्या दोन वर्षं आधीचा उन्हाळा. सासर पेडगावजवळ, मी बारा-तेरा वर्षांची. विहिरीतला गाळ काढायचा म्हणून कासव गुरांच्या हौदात आणलं आणि माझ्या हवाली केलं. विहिरीचं कासव मेलं तर पाणी आटतं, असं आमच्याकडे मानत. सासू म्हणाली, "याला काही झालं तर तुला माहेरी धाडते. परत बोलवायची न्हाई." ती बोलेल तसं करणारी बाई होती.

दोन दिवस कासव भाकरी, पाला, काही टाकलं तरी खाईना. सासरे म्हणाले, "एकटं पडलंय. सोबत द्या त्याला."

कोणाची? सासू म्हणाली, बेडकाची. गाळ काढणारा म्हणाला, खेकड्याची. सासरे म्हणाले, माशाची. मासा अन् कासव दोघंही देवाचे अवतार, भावाभावांत भांडण कशाला होईल? भांडण भावाभावांतच होतं, हे त्या वेळी कोणी बोललं नाही. आमच्या घरात सगळ्यांच्या गळ्यात माळ. मासा आम्ही कोणी कधी हातात धरला नव्हता.

भोईण नदीवरून घागर घेऊन आली. घागरीत बारक्या चंदेरी मासोळ्या आणि एक लांबट, काळपट मासा. मासोळ्यांबरोबर मी तोही घेतला, कारण रंग कासवाशी जुळत होता.

"पोरी, ती मरळ हाय. सोयरीक जमवायलीस का?"

"चावती का?"

"मला काय ठाव? आमी तिला चावतो." पदरात ज्वारी घेऊन ती हसत गेली.

रोज मासोळ्या कमी व्हायला लागल्या. कासव खातं की मरळ? मी काठावर बसून बघायची. दोघांपैकी एकाचंही तोंड हलताना दिसलं नाही. आणि मग हा पाय.

शेवटी मी हात घातला. मरळ बोटाला चावली. कासव बाहेर काढलं, तोवर सासू आली. तिनं पायावर हळद भरली.

सासरे म्हणाले, "आधी कासवानंच मासे खाल्ले असतील."

"तुमचे अवतार आता तुमीच सांभाळा," सासू म्हणाली.

भोईणीला बोलावलं, तर ती म्हणाली, दोघंही खातात, ज्याला जे घावंल ते. मग ते पहिले दोन दिवस कासव उपाशी का राहिलं? मला अजून उलगडलेलं नाही. मरळ ती घेऊन गेली आणि तिनं ती आपल्या चुलीवर शिजवली.

गाळ निघाला, झरे मोकळे झाले, कासव विहिरीत सोडलं. मला माहेरी धाडलं नाही. त्या हौदातून कासव वाचलं आणि एक चंदेरी मासोळी.