जुईच्या पानाचे कान

काल देवळाजवळच्या फुलवालीकडे जुई नव्हती. इथे तिला मुल्लै म्हणतात. "जादिमल्ली न्या सामी, तिचाही वास गोडच," ती म्हणाली. जादिमल्ली म्हणजे आपली जाई. बायकोच्या फोटोला मी तीच घातली. खोलीत वास पसरला आणि खूप वर्षांपूर्वीची एक सकाळ आठवली.

तिरुविसनल्लूरचं तिचं माहेर विकलं गेलं, तेव्हा तिनं तिथल्या मांडवावरच्या दोन काड्या केळीच्या ओल्या सोपटात गुंडाळून आणल्या होत्या. एक जाईची, तिच्या गेलेल्या आईनं लावलेली. दुसरी शेजारणीच्या जुईची, जी त्या जाईत गुंतली होती. पानं खुडल्यावर दोन्ही सारख्याच दिसत. कुंडीत एकच जगली. कोणती, ते पान फुटल्यावरच कळणार होतं.

त्या सकाळी पान उलगडलं. जाई असती तर पिसासारखी बारीक पानांची ओळ दिसली असती. इथे एकच रुंद पान होतं आणि देठाशी दोन चिमुकले कान.

"जुई आहे गं," माझी आई म्हणाली. "बरंच झालं. कान आहेत हिला, सासूचं ऐकेल तरी!"

बायको हसली, मीही हसलो. मग तांब्यात उरलेलं पाणी तिनं शेजारच्या वाळक्या काडीला घातलं. उन्हाळाभर घालत राहिली. मला तेव्हा ते वेडेपण वाटलं.

तिच्या आईची जाई कशी फुलायची, हे मी कधी विचारलं नाही. आता विचारावंसं वाटतं, पण ती जाई पाहिलेलं कुणीच उरलेलं नाही.