डावीकडचं स्टिअरिंग

गाडी दारात येऊन उभी राहिली तेव्हा आमची अर्धी आळी गडग्याला टेकून बघत होती. बघणारच. त्या काळातल्या रत्नागिरीत मोटार म्हणजे एक तर सरकारी साहेबांची पांढरी, नाहीतर एखाद्या डॉक्टरची धक्का मारून सुरू होणारी. ही मात्र जर्मन होती. गडद निळी, बसकी, मुंबईत कुठल्याशा वकिलातीच्या लिलावात घेतलेली. चार दारं होती म्हणून घरगुती म्हणायची, एरवी तिचा जन्म पळण्यासाठीच झालेला. आणि स्टिअरिंग डावीकडे. मी कपाळावर हात मारून घेतला. नवऱ्याच्या तोंडावर मात्र असा आनंद होता की मला त्याचा राग आला आणि दयाही आली.

आमचा आंब्याच्या पेट्या बनवायचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड, एक करवत आणि हंगामात खिळे ठोकणारी पाचसहा माणसं. पण धंदा चांगला चालला होता आणि ह्यांना कधीपासून गाडी घ्यायची होती. मुलीला शाळेत सोडायचं, आईला देवरुखकडच्या गावी न्यायचं, सगळ्यांनी मिळून गुहागरला जायचं, असे बेत जेवताना रोज व्हायचे. माझी हरकत गाडीला नव्हती. हरकत ह्यांनी ती चालवायला होती, आणि का, ते घराबाहेर कुणालाही माहीत नव्हतं.

आदल्या गणपतीत आरती चालू असताना हे धाडकन पडले होते. तोंडाला फेस, हातपाय ताठ. नशीब, तेव्हा घरचीच माणसं होती. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, ही आकडी आहे, गोळ्या सुटता कामा नयेत, करवतीजवळ जायचं नाही आणि गाडी चालवायची नाही. करवत ह्यांनी निमूट सोडली. घरी आल्यावर सासूबाईंनी दार लावून घेतलं आणि सगळ्यांना बजावलं की कुणी विचारलं तर उपासाने चक्कर आली म्हणायचं. नणंद लग्नाची होती. ज्या घरात फिट आहे त्या घरातली मुलगी कोण करतो? सासूबाईंचं काही चुकत होतं असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे असंच होतं.

गोळ्यांनी मोठी फिट पुन्हा आली नाही. पण अधूनमधून हे हरवायचे. बोलता बोलता नजर थिजायची आणि अंगठा बोटांवर फिरायला लागायचा, चिंचोके सोलल्यासारखा. थोड्या वेळाने परत यायचे आणि विचारायचे, काय म्हणत होतीस? आपण गेलो होतो हे त्यांना कळतच नसे. मी सांगितलं की चिडायचे. सासूबाई म्हणायच्या, विचारात असतो गं तो, तुला मेलीला सगळ्यात रोगच दिसतो.

मग कौलाचं झालं. दिवाळीनंतर आम्ही गावी गेलो. घरातलं कुठलंही मोठं काम देवाला विचारल्याशिवाय व्हायचं नाही. गुरव देवाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, प्रश्न सांगून गाऱ्हाणं घालतो आणि उजवीकडची पाकळी पडली तर देवाची परवानगी. पण त्या दिवशी देवळात गावची माणसं बसलेली. त्यांच्यासमोर प्रश्न मोठ्याने कसा सांगणार? म्हणून सासूबाई गुरवाला म्हणाल्या, मनात धरलेलं आहे, तेवढंच विचार. गुरवाने तसंच विचारलं. उजवी पाकळी पडली. सासूबाईंनी मनात लेकीचं स्थळ धरलं होतं, गुहागरच्या एका बऱ्या घरचं. त्या डोळे पुसतच बाहेर आल्या. आणि आमचे हे, शेजारी हात जोडून उभे, त्यांनी मनात काय धरलं होतं? गोळ्या सोडू का आणि गाडी घेऊ का! देव बिचारा एक, पाकळी एक, आणि दोघांनी आपापलं उत्तर घेतलं.

गोळ्यांची बाटली हलकी होत नाही हे मला पुढे कळलं. मी विचारलं तर म्हणाले, देवाने सांगितलंय. मी म्हटलं, देवाने गुरवाला सांगितलं, तुम्हाला नाही. दोन दिवस अबोला. सासूबाईंना सांगितलं तर त्यांचा चेहरा पडला, हे मी बघितलं. पण त्या म्हणाल्या, लग्न पार पडेपर्यंत तोंड उघडू नकोस, मग मी त्याला मारून मुटकून गोळ्या देते. आमचं भांडण चाललं होतं आणि नणंद पलीकडे पाट्यावर खोबरं वाटत होती. ती तशीच वाटत राहिली.

आता ही निळी गाडी कुणाची, तर त्याच गुहागरच्या स्थळाच्या काकांची. काका मुंबईत असायचे, माणूस मोकळा, हसतमुख. पत्रिका जुळली होती, मुलगी पसंत होती, फक्त बोलणी व्हायची होती. काकांना गाडी विकायची आहे हे ह्यांच्या कानावर गेलं आणि झालं, स्थळ राहिलं बाजूला. काका म्हणाले, घरचीच माणसं आहात, चालवून बघा, सगळे बसा, पसंत पडली तर संध्याकाळीच ठरवून टाकू.

सगळे बसलो. हे डावीकडे स्टिअरिंगवर, काका उजवीकडे. मागे सासूबाई, मधे नणंद, आणि काकांच्या मागे मी, मांडीवर मुलगी. मी उजवीकडे मुद्दाम बसले. तिथून ह्यांचा चेहरा आणि हात दोन्ही दिसत होते.

गाडी मात्र छान होती, खोटं कशाला बोलू. आत चामड्याचा वास, काचा वर केल्या की बाहेरचा आवाज बंद. गटारावरून जाताना पोट घासलं तेव्हा काका हसले, म्हणाले, हिला खड्ड्यांची सवय नाही. कुवारबाव मागे पडलं. पुढे एसटी असली की ह्यांना डावीकडून काही दिसायचं नाही, मग काका मान बाहेर काढून जा म्हणायचे आणि हे जायचे. मुलीला मजा वाटत होती. सासूबाईंनी पदराआड जप चालवला होता. सड्यावरचा, उघड्या माळावरचा सरळ रस्ता आला तेव्हा काका म्हणाले, दाबा जरा, हिचं पाणी बघा.

ह्यांनी दाबली. गाडी खरंच उडाल्यासारखी निघाली. दोन्ही बाजूंनी वाळलेलं गवत मागे पळत होतं, लांब समोर चिऱ्यांनी भरलेला एक ट्रक दिसत होता. काका क्लचबद्दल काहीतरी सांगत होते. आणि मला दिसलं, स्टिअरिंगवर ह्यांचा अंगठा फिरायला लागला.

चिंचोके सोलल्यासारखा. मी 'अहो' म्हटलं. उत्तर नाही. काका क्लचवरून गिअरवर आले होते, त्यांना काय कळणार! ट्रक मोठा होत चालला. मी मुलीला इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली. नणंदेने माझ्याकडे बघितलं, मग माझी नजर होती तिकडे, दादाच्या हाताकडे बघितलं. तिलाही कळलं. पण तेवढ्यात अंगठा थांबला, ह्यांनी खोल श्वास घेतला, ब्रेक दाबला आणि ट्रकच्या मागे गाडी व्यवस्थित हळू केली. हे परत आले होते. काही म्हणजे काहीच झालं नव्हतं.

"गाडी थांबवा," मी म्हटलं.

ह्यांनी बाजूला घेऊन थांबवली. काका वळले, काय झालं वहिनी? मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "काही नाही हो, हिला गाडी लागते."

कोकणातली बाई आणि तिला गाडी लागते, कुणाला खोटं वाटणार होतं? मी खाली उतरून दोन मिनिटं गवतात वाकून उभी राहिले असते की भागलं असतं. सासूबाईंनी नणंदेच्या पुढून हात घालून माझा गुडघा दाबून धरला होता. त्यांनी बघितलं होतं की नाही, मला आजवर माहीत नाही. ह्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं, आणि त्या डोळ्यांत नुसता गाडीचा आनंद होता. मला वाटलं, सोमवारपासून हा माणूस माझी मुलगी घेऊन ह्या गाडीतून शाळेत जाणार.

"मला गाडी लागत नाही," मी म्हटलं. "ह्यांना फिट येते. आत्ता आली होती. गोळ्या सोडल्यात."

मुलगी अजून हुंदके देत होती. मग काका उतरले, डावीकडे आले, ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, मी घेतो. हे उतरून उजवीकडे बसले. काकांनी गाडी सावकाश घरी आणली, आमच्याकडचं कोकम सरबत प्यायले, मुलीच्या गालाला हात लावला आणि गेले. माणूस खरंच चांगला होता. आठवड्याने मध्यस्थ निरोप घेऊन आला की जुळलेल्या पत्रिकेत आता एकनाड निघाली, लग्न होणे नाही.

सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. लेकीच्या पानात माती कालवलीस, म्हणाल्या. हे गोळ्या घ्यायला लागले, पाण्याचा पेला मीच नेऊन द्यायचा आणि त्यांनी भिंतीकडे बघत घ्यायचा. गाडीचं नाव घरात निघेनासं झालं. बातमी मात्र गुहागरपासून देवरुखपर्यंत पोचली. पुढची दोन स्थळं दारापर्यंतही आली नाहीत.

नणंद माझ्याशी नेहमीसारखीच वागत होती, तेच मला सोसत नव्हतं. शेवटी एकदा घरामागच्या परड्यात आम्ही दोघी आमसुलं वाळत घालत होतो तेव्हा मीच विषय काढला. म्हटलं, तूही बघितलं होतंस. माझ्या जागी तू काय केलं असतंस?

"थांबवलीस ते बरंच केलंस, वहिनी," ती म्हणाली. "पण आई म्हणाली होती ना, तुला गाडी लागते. हो म्हणायचंस. कारण कशाला सांगितलंस?"

"हो म्हटलं असतं तर त्याच संध्याकाळी त्यांनी गाडी घेतली असती."

तिने हातातलं आमसूल नीट पसरून ठेवलं.

"घेतली असती," ती म्हणाली. "आणि माझं लग्न झालं असतं."